दूरचे युद्ध आणि घिवलीचे दुकान

वृत्तपत्रातील ‘देश-विदेश’ हे पान व्यापारी कुटुंबात बहुधा शेवटी उघडले जाते. परंतु त्याच पानावरची एखादी बातमी बाजारभावाच्या रकान्यात उतरली, की ती सर्वांत आधी वाचली जाते. यात निंदा करण्यासारखे काही नाही. ज्याच्या गल्ल्यावर घर चालते त्याला भाव आधी दिसणारच. मात्र भाव कळला की बातमी संपली, असे आपण मानतो. मला वाटते, विचार करण्यास खरा आरंभ तेथून व्हावयास हवा.

मी पालघर येथे राज्यशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकते. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून घिवलीत किराणा मालाचे दुकान चालवीत आहे, आणि काकांचा बोईसरला रंगरसायनांचा व्यापार आहे. घिवली हे अरबी समुद्राच्या काठचे, तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या अगदी जवळचे गाव. एका बाजूस मच्छीमारांची वस्ती, दुसऱ्या बाजूस बोईसरची औद्योगिक वसाहत, आणि मध्ये आमच्यासारखी दोन-चार दुकाने. महाविद्यालयात मी युक्रेन, लाल समुद्र, गाझा, सर क्रीक ही नावे नकाशावर पाहते, आणि घरी आल्यावर तीच नावे निराळ्या रूपात दुकानाच्या वहीत सापडतात. या दोन अभ्यासांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न आहे.

सर्वांत जुने उदाहरण विजेचे आहे. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात एक करार झाला. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने तारापूर येथे दोन अणुभट्ट्या उभारून द्याव्यात, आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने तीस वर्षे पुरवावे, असे ठरले. १९६९ च्या ऑक्टोबरपासून भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र महाराष्ट्र व गुजरात या राज्यांना व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. भट्टी आमच्या किनाऱ्यावर, वीज आमच्या राज्यात, आणि तिचे इंधन मात्र सातासमुद्रापलीकडच्या एका संसदेच्या मर्जीवर, अशी ती व्यवस्था होती.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. त्यासाठी वापरलेले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भे येथील सायरस या संशोधन भट्टीतून आलेले होते. तारापूरच्या भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली होत्या. तरीही परिणाम भोगावा लागला तो तारापूरला. १९७८ साली अमेरिकेने अण्वस्त्र-प्रसार रोखणारा नवा कायदा केला. ज्या देशाने आपल्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख स्वीकारली नाही, त्याला इंधन देऊ नये असा त्याचा आशय. भारताचे म्हणणे होते की झालेला करार नंतरच्या कायद्याने मोडता येत नाही. अमेरिकेचे म्हणणे होते की परिस्थितीच पालटली आहे. १९८० साली ३८ टन इंधन पाठवावे की नाही, हा प्रश्न अमेरिकी संसदेपुढे आला. प्रतिनिधीगृहाने नकार दिला. सिनेटमध्ये मात्र ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने ते इंधन सुटले.

पुढे १९८२ साली इंदिरा गांधींच्या अमेरिका दौऱ्यात तोडगा निघाला. करार कायम ठेवायचा, पण इंधन अमेरिकेऐवजी फ्रान्सने द्यायचे. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली. त्यानंतर काही काळ चीनने आणि नंतर रशियाने इंधन दिले. जे देश परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून ओळखले जातात, ते चारही देश या एका किनाऱ्यावरील भट्टीचे पुरवठादार होऊन गेले. आमच्या वर्गात हा इतिहास ‘अणुराजनय’ या मथळ्याखाली शिकवला जातो. आजोबांना मी तो सांगितला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मालाचा सौदा तोच, फक्त पेढी बदलली. दोघांचीही अब्रू राहिली.” दोन पेढ्यांमध्ये वाद झाला असता तिसऱ्याला मध्ये घालून सौदा पुरा करावयाचा, ही रीत व्यापाऱ्यांना परकी नाही. राष्ट्रेही पुष्कळदा हेच करतात. फक्त त्यांच्या तडजोडीला अधिक भारदस्त नावे असतात.

विजेच्या बाबतीत आमच्या दुकानाला काही ठरवावयाचे नव्हते. तेलाच्या बाबतीत ठरवावे लागले.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा मी अकरावीत होते. भारत सूर्यफूल तेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो, आणि त्या वेळी त्यात सर्वाधिक वाटा युक्रेनचा होता. काळ्या समुद्रातील बंदरे बंद पडली आणि आठवड्याभरात मुंबईच्या घाऊक बाजारात भाव चढले. आमच्या दुकानात जुन्या भावाने घेतलेले तेलाचे बावीस डबे शिल्लक होते. रात्री दुकान बंद करून जेवणे आटोपल्यावर घरात त्या बावीस डब्यांची चर्चा झाली. ती मला आजही स्पष्ट आठवते, कारण युद्धाविषयी आमच्या घरात झालेली ती पहिली गंभीर चर्चा होती.

काकांचे मत होते, दोन आठवडे माल थांबवावा, कारण भाव आणखी चढणार हे दिसतच आहे. बाबांना साठा करणे पसंत नव्हते, पण त्यांचाही एक नियम होता: विकलेल्या मालाच्या पैशात तेवढाच माल परत दुकानात आला पाहिजे. जुन्या भावाने बावीस डबे विकले तर हाती येणाऱ्या रकमेत अठरा-एकोणीसच येतील, मग भांडवल टिकायचे कसे? हा प्रश्न लोभाचा नाही. किराणा दुकान चालविणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे, आणि ज्यांनी कधी दुकान चालविले नाही त्यांनी त्याला नफेखोरी म्हणण्याची घाई करू नये.

आजोबांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि खातेवही मागविली. आमच्याकडे ज्यांचे नियमित खाते आहे, अशा प्रत्येक घराला त्याच्या महिन्याच्या गरजेपुरते तेल एकदा जुन्या भावाने द्यावे; खाणावळवाले किंवा दुसरे दुकानदार घाऊक मागतील त्यांना नवा भाव सांगावा; आणि एकही डबा मागच्या खोलीत ठेवू नये, असा निर्णय त्यांनी दिला. त्या महिन्यात दुकानाला तूट आली. बाबा आजही म्हणतात की तो निर्णय महाग पडला, आणि हिशेबाने ते खरे आहे. आजोबा त्यावर वाद घालीत नाहीत. त्यांचे एवढेच म्हणणे असते की, ज्या मालासाठी आपण जास्त पैसे मोजले नाहीत, त्याचे जास्त पैसे युद्धाच्या नावावर घेताना गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे. या दोघांपैकी पूर्णतः बरोबर कोण, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. दोघेही एकाच दुकानाला जपत आहेत, इतके मात्र दिसते.

पुढे महाविद्यालयात या तेलाचा माग काढताना मला आणखी एक साखळी दिसली. सूर्यफूल तेल मिळेना म्हणून जगभरातील खरेदीदार पामतेलाकडे वळले. पामतेलाचा सर्वांत मोठा उत्पादक इंडोनेशिया. मागणी वाढताच तेथील गृहिणींनाच तेल महाग झाले, म्हणून तेथील सरकारने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात थांबविली. ती बंदी २३ मे रोजी उठली. म्हणजे खारकीव्हवर पडणाऱ्या तोफगोळ्यांचा आणि घिवलीतील भजीच्या कढईचा संबंध जाकार्तामार्गे जुळलेला होता.

याच काळात, १३ मे २०२२ रोजी, भारतानेही गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. मार्चमध्येच उष्णतेची लाट आली होती, पीक घटले होते, देशातील भाव चढत होते. आपल्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु काळ्या समुद्राचा गहू बंद झाल्यावर ज्या देशांनी भारतीय गव्हाची आशा धरली होती, त्यांच्या वृत्तपत्रांत त्या दिवशी ‘विदेश’ पानावरची बातमी आपण होतो. कोठल्या तरी बंदरगावातील एखादा दुकानदार रात्री घरच्या मंडळींसमोर गव्हाची पोती मोजत बसला असेल, आणि भारताचे नाव घेऊन त्याने सुस्कारा टाकला असेल. आपण ज्याला दूर म्हणतो तेथील माणसे आपल्यालाही दूर म्हणतात, हे राज्यशास्त्राने मला शिकविलेल्या गोष्टींपैकी अत्यंत मोलाचे आहे.

काकांच्या व्यवसायात युद्ध निराळ्या वाटेने आले. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हुथी गटाने लाल समुद्रातील व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. गाझातील युद्ध थांबावे यासाठी हा दबाव आहे, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे जहाजे नेण्यास आरंभ केला. न्हावाशेवाहून युरोपला जाणाऱ्या कंटेनरला त्यामुळे दहा ते चौदा दिवस अधिक लागू लागले. भाडे वाढले, विम्याचा हप्ता वाढला. माल पोहोचल्यावर पैसे मिळावयाचे असतील तर ते दोन आठवडे उधार वाढले, आणि त्या दोन आठवड्यांचे व्याज मात्र बोईसरमध्ये भरावे लागले. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुएझ कालवा १९७५ पर्यंत, म्हणजे तब्बल आठ वर्षे, बंद होता. तेव्हाच्या व्यापाऱ्यांनीही हाच वळसा घातला होता. त्याच डिसेंबरात, २३ तारखेस, मंगळुरूकडे येणाऱ्या एका रसायनवाहू जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरवर ड्रोनचा हल्ला झाला. जहाजावर भारतीय खलाशी होते. दोन दिवसांनी ते जहाज मुंबईस आले. लाल समुद्राची बातमी अशी अरबी समुद्रात, आमच्याच पाण्यात, येऊन उभी राहिली.

येथवर मी मालाविषयी लिहिले. पुढचा भाग माणसांविषयी आहे, आणि त्यासाठी आमच्या मच्छीमार वस्तीत जावे लागेल.

पालघरच्या किनारपट्टीवरील कितीतरी पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळी बंदी उठली की ते वेरावळ, पोरबंदर, ओखा येथे पोहोचतात आणि हंगाम संपल्यावर परततात. घरच्या किनाऱ्यालगत पूर्वीसारखी मासळी मिळत नाही, हे त्याचे एक कारण आहे. मासळी घटण्यामागे औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी असल्याची मच्छीमारांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली होती. आमच्या घरातील एका व्यवसायाचे पोट त्याच वसाहतीवर भरते, हे मला येथे लिहिलेच पाहिजे. ज्या खलाशाला सीमेवर जावे लागते, त्याच्या प्रवासाची सुरुवात कोठून होते याचा विचार करताना बोईसर वगळून चालणार नाही.

गुजरात आणि सिंध यांच्यामधील समुद्रात सीमेची रेषा पाण्यावर आखलेली नसते. कच्छच्या दलदलीत सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. तिच्या मध्यातून सीमा जाते असे भारत मानतो. पूर्वेच्या काठावरून जाते असे पाकिस्तान मानतो. या वादाचे मूळ १९१४ सालच्या एका ठरावात आहे. तो ठराव मुंबई सरकारने केला होता, कारण सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९३६ पर्यंत कराची आणि तारापूर एकाच इलाख्यातील गावे होती, एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली होती. खाडीचा वाद मिटलेला नसल्यामुळे समुद्रातील रेषाही नक्की होत नाही. वारा, ओढ, मासळीचा माग किंवा बिघडलेले इंजिन यांमुळे बोट त्या रेषेच्या आसपास गेली, की पाकिस्तानी यंत्रणा ती बोट व खलाशी ताब्यात घेते. तिकडच्या बोटींबाबत आपल्याकडेही तसेच होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर गुजरातच्या किनाऱ्यापलीकडे पाकिस्तानी सागरी दलाने केलेल्या गोळीबारात पालघर तालुक्यातील एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. नकाशावर ज्याला आपण ‘सीमेवरील तणाव’ म्हणतो, तो त्या दिवशी आमच्या तालुक्यातील एका घरात आला होता.

आमच्या खातेवहीत एक खाते असे होते की ज्यात चौदा महिने केवळ नावे पडत होते, जमा काहीच नव्हते. घरचा कर्ता खलाशी कराचीच्या तुरुंगात होता. त्याची पत्नी तांदूळ, साखर, चहा आणि तेल एवढेच नेत असे, आणि नेताना प्रत्येक वेळी आकडा विचारत असे. बाबांना काळजी वाटणे स्वाभाविक होते, कारण उधारीलाही मर्यादा असते. आजोबांनी त्या खात्यावर व्याज लावू नये एवढेच सांगितले आणि पुढे तो विषय काढला नाही.

एके दिवशी ती मला म्हणाली, “बाय, तू कॉलेजात शिकतेस ना? ती यादी निघते म्हणतात सरकारची. त्यात यांचे नाव आहे का, तेवढे बघून सांग.”

“बघते, काकी,” मी म्हटले.

तिने सांगितलेली यादी खरोखरच निघते. भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००८ साली झालेल्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी दोन्ही देश आपल्या ताब्यातील परदेशी कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या परस्परांना देतात. अटक झालेल्यास तीन महिन्यांच्या आत आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटता यावे, आणि राष्ट्रीयत्वाची खात्री होऊन शिक्षा पुरी झाल्यावर महिन्याभरात त्याला परत पाठवावे, असेही त्या करारात आहे. प्रत्यक्षात या मुदती पुष्कळदा पाळल्या जात नाहीत. मी परराष्ट्र मंत्रालयाचे निवेदन शोधून वाचले. त्यात नावे नव्हती, केवळ संख्या होती: इतके नागरी कैदी, इतके मच्छीमार. काकींना मी सांगितले, “नाव छापत नाहीत. आकडा छापतात.” त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आकड्यात असतील तरी पुरे.”

तो खलाशी परत आला. त्याचा प्रवासही विलक्षण होता. समुद्रात पकडलेला माणूस कराचीहून रेल्वेने लाहोरला, तेथून वाघा सीमेवरून अमृतसरला, आणि तेथून पुन्हा गुजरातमार्गे घरी. समुद्रातील काही मैलांची चूक आणि परतीला शेकडो कोसांची जमीन. आता तो बोटीवर जात नाही, बोईसरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. खात्याची काही बाकी अजून राहिली आहे, आणि ती दरमहा थोडी थोडी जमा होते. दुकानात आला असताना त्याने एकदा सांगितले की, तिकडच्या कोळ्यांची माणसेही आपल्याकडच्या तुरुंगात आहेत, हे तेथील पहारेकऱ्यांकडून ऐकले. “त्यांच्या घरीही उधारीच चालली असेल,” एवढेच तो म्हणाला.

यादीचा शोध घेताना मला आणखी एक गोष्ट सापडली. १ जानेवारीलाच दोन्ही देश दुसरीही एक यादी परस्परांना देतात. राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात, ३१ डिसेंबर १९८८ रोजी, एक करार झाला: कोणीही दुसऱ्याच्या अणुकेंद्रांवर हल्ला करू नये, आणि अशी केंद्रे कोठे आहेत हे अक्षांश-रेखांशांसह दरवर्षी कळवावे. १९९२ पासून ही देवाणघेवाण नियमाने चालू आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती, तरी १ जानेवारी २००२ रोजी याद्या दिल्या गेल्या. २०१९ च्या पुलवामा व बालाकोटनंतरच्या जानेवारीतही दिल्या गेल्या. यादी प्रसिद्ध होत नाही, परंतु अणुवीज केंद्रे कराराच्या व्याख्येत येतात, म्हणून तारापूर त्यात येते. वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्या गावच्या परिसराचा ठावठिकाणा एका यादीत आणि आमच्या तालुक्यातील खलाशी दुसऱ्या यादीत, अशा रीतीने दिल्ली व इस्लामाबाद यांच्यामध्ये फिरत असतात.

ज्याच्यावर विश्वास नाही त्यालाच आपले सर्वांत नाजूक ठिकाण लिहून द्यावयाचे, ते त्याने टाळावे म्हणून, ही कल्पना प्रथम मला अजब वाटली. मग ध्यानात आले की व्यापारातील लिखापढीही अशीच असते. जेथे पूर्ण विश्वास आहे तेथे कागद लागत नाही, आणि जेथे वाद होण्याचा संभव आहे तेथेच कागद चोख ठेवावा लागतो. मे २०२५ मध्ये पहलगाममधील हत्याकांडानंतर संघर्ष पेटला, तेव्हा ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव जाहीर झाला. त्यासाठी काढलेल्या यादीत महाराष्ट्रातून पहिल्या श्रेणीत मुंबई, उरण आणि तारापूर ही तीन नावे होती. आमच्या घरात त्या दिवशी खिडक्यांना काळे कागद लावावेत का, याची चर्चा झाली. दूरचित्रवाणीवर आवेशपूर्ण वादविवाद चालू होते. मला मात्र त्या छत्तीस वर्षांपूर्वीच्या कराराचा आधार वाटत होता. त्याच वर्षी १ जुलैला कैद्यांच्या याद्याही नेहमीप्रमाणे दिल्या गेल्या. संघर्ष संपविण्याचे सामर्थ्य या कागदांत नाही, हे खरे. परंतु सर्व बोलणी तुटली तरी चालू राहील अशी एखादी व्यवस्था आधी करून ठेवणे, हे शहाणपणाचे काम आहे, आणि ते शांततेच्या काळातच करावे लागते.

आपल्या परंपरेत श्रावकासाठी दिग्व्रत सांगितलेले आहे. दाही दिशांना आपण कोठवर जावयाचे याची मर्यादा घालून घ्यावयाची. जितका पसारा दूर, तितका आपल्याकडून घडणाऱ्या हिंसेचा संभव दूरवर, हा त्यामागील विचार. आमच्या आजीने ते व्रत घेतले होते, आणि तिची मर्यादा फार लहान होती. आज आम्ही घिवलीच्या बाहेर न पडताही युक्रेनचे तेल विकतो, इटलीला रंग पाठवितो आणि सौदी अरेबियाच्या खनिज तेलावर गाडी चालवितो. पाय घरीच असले तरी पैसा दाही दिशांना फिरतो. या काळात दिग्व्रताचा अर्थ काय करावा, हे जाणत्यांनी सांगावे. मला स्वतःला इतके वाटते की, जेथवर आपला पैसा जातो तेथवर निदान आपली माहिती तरी जावी. आपल्या दुकानातील दहा मुख्य वस्तू कोठून येतात आणि तेथे काय चालले आहे, हे घरातील प्रत्येक मुलाला सांगता आले पाहिजे.

युद्धाच्या बातम्या आल्या की आपल्या कुटुंबाच्या मोबाइल गटांवर लगेच दोन पक्ष पडतात. कोणाचा विजय व्हावा याविषयी जोरकस मते मांडली जातात, आणि जे लोक ते मांडतात त्यांनी त्या देशाचा शेजारी कोण हेही पाहिलेले नसते. आमच्या घरी आम्ही एक लहानसा क्रम ठेवला आहे. कोणत्याही दूरच्या संघर्षाविषयी मत देण्यापूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची: दोन्ही बाजूंचे म्हणणे काय, त्यात सामान्य माणसाचे काय होत आहे, आणि त्यातून आपल्याला लाभ होतो की हानी. तिसरा प्रश्न काकांनी सुचविला. लाभ होत असेल तर तो आधी सांगावा, मग मत द्यावे, असे ते म्हणतात. या एका अटीमुळे आमच्याकडील अनेक मते सौम्य झाली आहेत.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची दुकाने आणि पेढ्या अशाच किनाऱ्यांवर, महामार्गांवर आणि बाजारपेठांत आहेत. पुढचे युद्ध कोठे होईल हे आपल्याला ठरविता येणार नाही. पण त्याची बातमी आल्यावर जुन्या भावाच्या मालाचे काय करावयाचे, ज्या घरचा कर्ता परदेशात अडकला त्याच्या खात्याचे काय करावयाचे, आणि मुलांसमोर त्या देशातील लोकांविषयी कोणत्या शब्दांत बोलावयाचे, हे आजच ठरवून ठेवता येईल. भीती आणि घाई दोन्ही घरात शिरलेली असताना असे निर्णय नीट होत नाहीत. आमच्या घरात आजोबा होते म्हणून एका रात्रीत निर्णय झाला. पुढच्या पिढीने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, अशी माझी बाबांना आणि काकांना विनंती आहे, आणि त्यावर अजून आमची चर्चा चालू आहे.

जय जिनेंद्र.